नाव कशाचे?

प्रोग्राममधले नाव जागेचे की वस्तूचे? सी भाषेत ते मेमरीतल्या जागेचे; किंमत बदलली तरी जागा तीच. पायथॉनमध्ये ते वस्तूला जोडलेले असते. क = [1, 2] आणि मग ख = क लिहिले, तर यादी एकच राहते, नावे दोन होतात; ख मध्ये 3 घातला की तो क मध्येही दिसतो. नवशिके इथे हमखास अडखळतात.

नावाचे वस्तूशी नाते कसले, हा वाद भारतीय दर्शनांतही आहे: शब्द आणि अर्थ यांचा संबंध मीमांसक नित्य मानतात, नैयायिक संकेताने ठरलेला. प्रोग्रामिंगपुरते नैयायिकांचेच खरे. तरीही ठरलेला संकेत वाटेत बदलू नये, हा आग्रह रास्तच. वाचणाऱ्याला ओळीओळीवर नावाचा माग काढायला लावणे हा अन्याय आहे. नाव मुळात स्थिर असावे आणि बदलाची मुभा उघडपणे मागावी लागावी. रस्ट भाषेत त्यासाठी ‘म्यूट’ लिहावे लागते.