ढिलें स्टिअरिंग

अमेरिकेंत १९४७ ते १९५२ या काळांत बनलेले फोर्ड ८-एन ट्रॅक्टर कित्येक शेतकरी आजही जपून चालवितात. स्टिअरिंग सैल झालें, कीं पेटींतील दांते आवळण्याचा मोह होतो. परंतु हे दांते सरळ चालीच्या जागीं अधिक झिजतात. तेथें फार आवळले, तर वळणावर स्टिअरिंग अडकतें. शिवाय ढिलाई पुष्कळदां दांड्यांच्या सांध्यासांध्यांत थोडीथोडी सांचलेली असते. म्हणून शहाणा मनुष्य दुसऱ्यास स्टिअरिंग हालवावयास सांगून स्वतः खालीं बसतो, प्रत्येक सांधा पाहतो व झिजलेला तेवढाच बदलतो.

वाचकहो, घराची शिस्त ढिलावली असतां आपण जो हाताशीं सांपडेल त्यासच आवळतों. तें सोपें खरें. पण दोष न शोधतां केलेल्या शिक्षेस न्याय म्हणतां येत नाहीं.