छताखालचा बाजार आणि मगरिबची वेळ



असरची नमाज अदा करून एखादे कुटुंब मॉलमध्ये जाते. मुलांचे खेळ होतात, ईदचे कपडे घेतले जातात, खाणेपिणे होते. बाहेर येतात तेव्हा काळोख दाटलेला असतो आणि मगरिबची नमाज हुकलेली असते. तिला कोणी जाणूनबुजून टाळलेले नसते. तिची वेळ केव्हा आली आणि केव्हा सरली, हे आत कळलेलेच नसते.

1956 साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात साउथडेल हे खरेदी केंद्र सुरू झाले. वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन यांनी दुकानांची तोंडे रस्त्याकडून आत वळविली, सर्वांवर एक छत घातले आणि बारमाही एकसारखे हवामान राखले. हाच नमुना पुढे जगभर पसरला. अशा वास्तूत ऋतू पोहोचत नाही, सूर्य ढळलेला दिसत नाही, अजान ऐकू येत नाही. मोमिनाचा दिवस तर सूर्याच्या गतीने आखलेला असतो! अल्लाहने ज्या काळाची शपथ घेतली, त्याच काळाचे भान येथे हरपते.

इस्लामने बाजार निषिद्ध ठरविलेला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः बाजारात जात, विरोधकांनी त्यावरच आक्षेप घेतला होता, असे सूरह अल-फुरकान सांगते. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा त्यांनी विक्रेत्याच्या निदर्शनास आणला होता. तरीही त्यांची शिकवण अशी की, अल्लाहला सर्वाधिक प्रिय स्थळे मस्जिदी आणि सर्वाधिक अप्रिय स्थळे बाजार होत. म्हणून गरजेपुरते जावे आणि सावध राहावे.

मदीनेत एकदा जुम्याच्या दिवशी व्यापारी काफिला आला. लोक प्रेषितांना (स.) उभे सोडून तिकडे धावले, हदीसनुसार केवळ 12 जण मागे राहिले. सूरह अल-जुमुआच्या अखेरच्या आयतीत या प्रसंगी दोन गोष्टींचा एकत्र उल्लेख आहे : व्यापार आणि करमणूक. आज त्या दोन्ही एकाच छताखाली आहेत. तो काफिला येऊन निघून गेला. आजचा काफिला मात्र कायम मुक्कामाला आहे. त्याच सूरहमध्ये नमाजनंतर अल्लाहची कृपा शोधण्यासाठी पृथ्वीवर पसरण्याची मुभाही आहे. आधी नमाज, मग बाजार, हाच क्रम होय.

कोकणातील कित्येक घरांतील माणसे दुबईत नोकरीला आहेत. तेथील दुबई मॉल 2008 साली खुला झाला. त्यात हजाराहून अधिक दुकाने, भव्य मत्स्यालय आणि बर्फावरील क्रीडांगण आहे. तसेच नमाजच्या खोल्याही आहेत. जागा असूनही पाऊल तिकडे वळते का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. जेथे अशी सोय नाही, तेथे निघण्याची वेळ आधीच ठरवावी.

घरातून निघताना काय घ्यायचे ते ठरवा, व्याजाच्या हप्त्यावर काही घेऊ नका, आणि मगरिबची वेळ मुलांना सांगून ठेवा. भरल्या पिशव्या बाजूला ठेवून वडील नमाजसाठी उठले, हे दृश्य मूल आयुष्यभर विसरणार नाही. खेळणे मात्र महिन्याभरात मोडेल.

व्यापार ज्यांना अल्लाहच्या स्मरणापासून विचलित करू शकत नाही, अशा दासांमध्ये अल्लाह आपणा सर्वांचा समावेश करो. आमीन.