परक्यास आसन

अकोल्याचे एक वृद्ध स्नेही परवां अमरावतीस आले होते. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी; अलीकडेच तो अमेरिकेंतील एका विद्यापीठांत प्राध्यापक झाला. मीं अभिनंदन करतांच ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, वाढविला आम्हीं, शिकविला तुम्हीं, आणि आतां तो ज्ञान देणार परक्यांच्या मुलांना. हा कोठला न्याय ?"

आपल्याकडे ऋषिऋण अध्ययन-अध्यापनानें फिटतें असें मानितात. शिष्य कोणत्या गांवचा असावा याचें बंधन त्यांत नाहीं. वस्तुतः त्यांना सलत होता तो रिकामा वाडा, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. न्यायाविषयीं मात्र मला पांडुरंग खानखोजे आठवले. वर्ध्याचे हे तरुण 1906 च्या सुमारास देश सोडून जपानमार्गें अमेरिकेंत गेले. ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांत त्यांनीं शेतकीचें शिक्षण घेतलें. पुढें ते गदर चळवळींत पडले, आणि इंग्रजी अमलांत स्वदेशाचीं दारें त्यांना बंद झालीं. 1924 सालीं ते मेक्सिकोंत पोंचले. तेथील राष्ट्रीय कृषिविद्यालयानें या निराश्रित, परभाषी मनुष्यास प्राध्यापकाचें आसन दिलें. मक्याच्या व गव्हाच्या वाणांवर त्यांनीं तेथें काम केलें. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें त्यांना आपल्या भित्तिचित्रांतही स्थान दिलें. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि 1967 सालीं नागपुरास वारले. (अकोल्यास कृषिविद्यापीठ निघालें तें 1969 सालीं !)

मेक्सिकोनें त्यांना वाढविलें नव्हतें. त्या देशावर त्यांचें कसलेंही ऋण नव्हतें. तरी तेथें प्रश्न झाला तो, या मनुष्यास काय येतें, एवढाच. हा प्रश्न विचारणें वाटतें तितकें सोपें नाहीं. वीसएक वर्षांपूर्वीं मी एका निवडसमितीवर होतों. परप्रांतांतून आलेला एक उमेदवार विषयांत सर्वांहून सरस होता, परंतु त्याचें मराठी अडखळत होतें. जागा 'आपल्या माणसास' द्यावी, असें मत मीं दिलें, आणि घरीं येऊन स्वस्थ झोंपलों. आपल्या माणसानें पुढें काय शिकविलें, तें विद्यार्थीच जाणोत.

हें सर्व मीं त्या स्नेह्यांस सांगितलें. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग हळूच म्हणाले, "त्या परप्रांतीयाचें पुढें काय झालें हो ?"

मीं कधीं चौकशीच केली नव्हती.