मुका पाऊस

माझी आत्या पायाळू होती. वळवाचा पहिला गडगडाट झाला की घरात धावपळ व्हायची ती तिच्यासाठी. आरशावर टॉवेल पडायचा, टीव्हीची पिन निघायची, विळा अंगणात भिरकावला जायचा आणि आत्याला आतल्या खोलीत पलंगावर बसवलं जायचं. पायाळू माणसावर वीज पडते हे तिला मुळीच पटत नव्हतं, पण कडाडलं की सगळ्यांत आधी पाय वर घ्यायची तीच.

त्याच घरात जुलैची झड चार-चार दिवस चालायची आणि कुणाला काही वाटायचं नाही. आत्या उंबऱ्यात बसून निवांत वाती वळायची. कपडे वाळत नाहीत, एवढीच काय ती तक्रार.

खरं तर आम्ही येरवडेकरांनी भ्यायचंच असेल तर या दुसऱ्या पावसाला भ्यावं. मुळा मुळशीकडून येते, मुठा खडकवासल्याकडून. संगमापाशी दोघी भेटतात आणि तिथून थोडं खाली आलं की आमची हद्द. म्हणजे घाटात कुठेही कोसळलं तरी पाणी शेवटी आमच्याच दारावरून जाणार. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुनर्वसूचा, म्हणजे तरणा पाऊस चालू होता. २५ जुलै २०२४ची पहाट तर मी स्वतः जागून काढली. पत्र्यावर रात्रभर एकच सूर. वर नाही, खाली नाही. एकदाही वीज चमकल्याचं मला आठवत नाही. ताम्हिणीत त्या एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पुण्यात अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास पडतो, हे लक्षात घेतलं की तो आकडा कळतो. सकाळी खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं होतं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीतली माणसं बोटींतून बाहेर काढली जात होती.

एवढा पाऊस, आणि आवाज नाही. असं का, हे मला फार उशिरा समजलं.

वीज पाण्यातून तयार होत नाही, तिला बर्फ लागतो. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर साधारण ५ किलोमीटर उंचीवर गोठणरेषा असते. वैशाखात तापलेल्या जमिनीवरून उठलेला ढग ही रेषा ओलांडून बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो. तिथे मऊ गारा आणि बर्फाचे बारीक कण एकमेकांवर आपटतात. गारा बहुधा ऋण भार घेऊन मध्यावर राहतात आणि हलके कण धन भार घेऊन माथ्यावर जातात. मग कडकडाट. घाटातला आषाढाचा ढग मात्र एवढा चढतच नाही. समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीला अडतो, दमादमानं वर सरकतो, आणि गोठणरेषेच्या आत-बाहेरच थेंबाला थेंब मिळून धार सुटते. बर्फाची झटापट नाही, त्यामुळे गर्जनाही नाही. याच ढगांचा अभ्यास करायला पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१२मध्ये महाबळेश्वरला प्रयोगशाळा थाटली. ढग शास्त्रज्ञांच्या खिडकीतून आत येतात असं म्हणायला हरकत नाही.

गर्जेल तो पडेल काय, असं आपण म्हणतो. ही म्हण माणसांसाठी असली तरी ढगांना बरीचशी लागू पडते, हे पाहून मला गंमत वाटली होती. १९९७च्या शेवटी एक उपग्रह सोडला गेला, त्यात पाऊस मोजणारं रडार आणि विजा मोजणारा कॅमेरा शेजारी-शेजारी होते. त्यातून दिसलं की सारख्याच पावसाला जमिनीवर विजा कितीतरी जास्त आणि समुद्रावर कमी. शेकडो किलोमीटर पसरलेल्या वादळी ढगसमूहांतही हीच वाटणी असते. पुढचे उभे बुरूज कडाडतात, आणि त्यांच्या मागे पसरलेली पांढुरकी चादर तासन् तास रिपरिपत राहते. उष्ण कटिबंधातला साधारण ४० टक्के पाऊस या चादरीचा आहे. ती अगदीच मुकी असते असंही नाही. तिच्यातून क्वचित एखादी वीज आडवी धावते. अमेरिकेत ऑक्टोबर २०१७मध्ये अशी एक ८२९ किलोमीटर लांब नोंदली गेली, पुण्यात निघून नागपूर मागे टाकील एवढी.

पण म्हणीवर फार विसंबू नये. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री, हस्त लागायच्या तोंडावर, पुण्यावर ढग गर्जला आणि पडलाही. कात्रजकडून आंबिल ओढा घरांच्या भिंती फोडत आला, माणसं गेली. हस्ताचा हत्ती सोंड आपटतो ते खोटं नाही. आणि विजेची भीती काही आत्याचं खूळ नव्हतं. देशात विजेनं दरवर्षी अडीच हजारांच्या वर माणसं मरतात, बहुतेक सगळी शेतात, झाडाखाली. पायाळू कोण आणि कोण नाही, हे वीज विचारत नाही. माझं भांडण भीतीशी नाही, कानाशी आहे. कान जे ऐकतो त्यालाच तो वादळ म्हणतो.

आता पाषाणच्याच संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप माझ्या फोनवर आहे. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं, आत वीज पडली की ठिपका. मे महिन्यात पुतणी ते उघडून ओरडते, ‘‘काका, आलं हो, पिन काढा!’’ आणि मी काढतो. आषाढ लागला की वर्तुळं दिवसचे दिवस कोरी असतात. त्या दिवसांत मी संध्याकाळी छत्री घेऊन बंडगार्डनच्या पुलावर जातो आणि जलपर्णी खांबाला कालच्यापेक्षा किती वर अडकली आहे ते बघून येतो.