खुडूक : एका शब्दाचा न्याय

कोंबडी अंडी देणे थांबवून घरट्यात बसून राहू लागली की मराठीत तिला ‘खुडूक’ म्हणतात. कामधाम सोडून कोपऱ्यात बसलेल्या माणसालाही आपण हाच शब्द लावतो. त्या शब्दात मालकाची तक्रार आहे: अंडी मिळेनाशी झाली, दाणा मात्र द्यावा लागतो. पक्ष्याच्या बाजूने पाहिले, तर आयुष्यातल्या सर्वांत कठीण कामाला ती त्याच दिवशी लागलेली असते. एकाच अवस्थेला दोष म्हणावे की कर्तव्य, आणि ते कोणाच्या सोयीने ठरवावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी तो नीतीचा प्रश्न आहे. पाळीव बदकाच्या उदाहरणाने तो अधिक स्पष्ट होतो.

बदकाची मादी उबवणीला बसली आहे हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. अंडे देण्यापुरती तीही घरट्यात बसते आणि उठून जाते. परंतु रात्रही ती तिथेच काढू लागली, छातीवरची मऊ पिसे उपटून घरट्यात अंथरू लागली, जवळ गेल्यास अंग चपटे करून पिसे फुलवू व फुत्कारू लागली, म्हणजे तिचा निश्चय झाला असे समजावे. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी ती थोडा वेळ उठते. खाते, पाणी पिते, अंग भिजवून घेते. जाताना त्याच पिसांनी अंडी झाकून जाते. परत आल्यावर चोचीने ती उलटीपालटी करते. हा क्रम सुमारे २८ दिवस चालतो. मस्कोव्ही जातीत तर सुमारे ३५ दिवस. या काळात ती वाळते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ती काहीच करीत नाही असे वाटते.

मस्कोव्ही वगळता सारी पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकाच्या वंशातली आहेत. रानातील मादी उबवणीला बसली नाही तर तिचा वंशच खुंटेल. माणसाच्या दारी आल्यावर हिशेब उलटला. बसणारी मादी अंडी कमी देते, म्हणून न बसणाऱ्या माद्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या वाढविली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी सुरू केलेल्या प्रयोगांतून पुढे ‘खाकी कॅम्पबेल’ ही जात आली. ती वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते आणि उबवणीला क्वचितच बसते. आपल्या मध्य प्रदेशातही याच्याजवळचे उदाहरण आहे. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला अंड्यांवर बसण्याची ओढ फारशी नसते. म्हणून तिची अंडी खेड्यापाड्यांत दुसऱ्या देशी कोंबडीखाली ठेवतात किंवा यंत्रात उबवतात.

यात पाप आहे असे मी म्हणत नाही. अंडे हे गरिबाचे अन्न आहे आणि त्याचे उत्पादन वाढविणे हे लोकहिताचेच काम आहे. परंतु काढून टाकलेले काम नाहीसे होत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर येते. बदकाची अंडी यंत्रात उबविणाऱ्याला ऊब आणि दमटपणा अहोरात्र सांभाळावा लागतो. अंडी वारंवार फिरवावी लागतात. शिवाय अनेक जण दिवसातून एकदा ती थोडी थंड होऊ देतात आणि त्यांवर पाणी शिंपडतात, कारण आई ओल्या अंगाने परतत असे. आईची ऊबच नव्हे, तिची घटकाभराची गैरहजेरीसुद्धा माणसाला भरून काढावी लागते! यावरून मला एक नियम सुचतो: जो दुसऱ्याची वृत्ती आपल्या लाभासाठी हिरावतो, त्या वृत्तीचे कर्तव्य त्याच्याकडे येते.

कोणी म्हणेल, पक्ष्याच्या या बसण्यात कौतुक कसले? ते केवळ यंत्रवत्‌ आहे. या आक्षेपाला आधारही आहे. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी १९३८ मध्ये रानहंसीविषयी लिहिले की, घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे ती चोचीने आत ओढते. आणि मध्येच ते काढून घेतले, तरी रिकामी चोच ओढतच राहते. म्हणजे निवड नाही, आणि निवड नाही तिथे पुण्यही नाही. हे मला मान्य आहे. मात्र त्यातून निघणारा दुसरा निष्कर्ष आपण सोयीने विसरतो. निवड नाही तिथे दोषही नसतो. मग ‘खुडूक’ या शब्दातला ठपका कोणावर?

शासकीय सेवेत आयुष्य रकाने भरण्यात गेले, त्यामुळे हा प्रश्न मला माणसांपर्यंत नेतो. आपल्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रीची नोंद ‘काम न करणारे’ या वर्गात होत आली आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाने मात्र दाखवून दिले की, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७. स्त्रीची बदकाशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. तुलना आहे ती पाहणाऱ्याच्या दृष्टीची. जे विकले जात नाही ते काम नव्हे, अशी ही दृष्टी आहे. वृद्ध सासऱ्यांच्या उशाशी बसलेली सून, आजारी पत्नीसाठी बदली नाकारणारा कारकून, हे दोघेही रकान्याच्या भाषेत ‘खुडूक’च ठरतात.

माणूस आणि पक्षी यांत भेद आहे तो निवडीचा. मॅलार्डचा नर उबवणीच्या काळात मादीला सोडून जातो, त्याला दुसरा मार्ग ठाऊक नाही. पुरुषाला आहे. महाभारताच्या शांतिपर्वातील जाजली मुनींच्या जटेत पक्ष्यांनी घरटे केले, अंडी घातली, आणि पिल्ले उडून जाईपर्यंत मुनी हलले नाहीत. उबवणीची ही कथा एका पुरुषाची आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे आपल्याला धर्म साधला असा अभिमान त्यांना झाला, तेव्हा त्यांना वाराणसीच्या तुलाधाराकडे जावे लागले. तो साधा व्यापारी. त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता.

संगोपन हे स्त्रीच्या स्वभावातच असते असे म्हणून मोकळे होणे ही पुरुषाची सोय आहे, आणि संगोपन करून त्याचा डांगोरा पिटणे ही जाजलींची चूक. या दोहोंच्या मधली वाट तुलाधाराच्या तराजूची आहे. आपल्या घरात कोण कशावर शांतपणे बसून आहे, त्याच्या उठण्याने काय थंड पडेल, आणि घटकाभर त्याला मोकळीक द्यावी म्हणून त्या जागी आपण बसू शकतो का, हे त्या तराजूत तोलून पाहावे. ओळखणे म्हणतात ते याला.