नावडतीचं खातं

माणसानं बी.कॉम. झाल्यावर साहित्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. नऊ रस असतात असं ऐकून होतो. आम्हांला कॉलेजात दोनच शिकवले, नावे आणि जमा. पण हे घरच्यांना कोण सांगणार? गेल्या श्रावणात कन्येला शाळेतून प्रकल्प मिळाला, 'जादूच्या गोष्टीतली माझी आवडती नायिका : स्वभाव आणि मनाची वाढ', आणि भंडाऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत वाद पेटला.

कन्येची नायिका ठरलेली होती. २०१३ सालच्या 'फ्रोझन' सिनेमातली एल्सा. ही राजकन्या हात लावील तिथं बर्फ करते. आधी स्वतःच्याच जादूला भिऊन दार लावून बसते, मग घर सोडून डोंगरावर बर्फाचा महाल बांधते, आणि शेवटी बहिणीच्या मायेनं तिला उमगतं की भीतीनं बर्फ वाढतो, मायेनं वितळतो. आमच्याकडे मे महिन्यात डोक्यावर ओला दुपट्टा घेतल्याशिवाय चौकात जाता येत नाही. तिथल्या पोरींना बर्फवाली आवडली तर नवल काय?

पण त्या दिवशी सोमवार होता आणि आई कहाण्यांचं पुस्तक घेऊन बसली होती. तिनं चष्म्यावरून नातीकडे पाहिलं. "तुह्या बर्फवालीपेक्षा आमची नावडती काय वाईट हाय वो?"

शिवामुठीची कहाणी तुम्ही ऐकली असेलच. जेवायला उशीर होतोय म्हणून अर्धवट ऐकली असेल, पण ऐकली असेल. राजाला चार सुना. तीन आवडत्या, चौथी नावडती. तिला उष्टं जेवण, जाडंभरडं नेसणं, राहायला गुरांचा गोठा. श्रावणात रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात आणि शिवामुठीचा वसा देतात. पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मग मूग, मग जव. पाचवा आलाच तर सातू. आमच्या जिल्ह्यात तांदळाला तोटा नाही, भर रोवणीच्या दिवसांतही घरात मूठभर निघतो. जवासाठी मात्र किराणा दुकानदाराला आदल्या आठवड्यात सांगून ठेवावं लागतं.

पुढं घरचे विचारतात, तुझा देव आहे तरी कुठं? चौथ्या सोमवारी सगळं राजघराणं तिच्या मागं रानात जातं. हिला साकडं पडतं, कारण दाखवायला काहीच नाही. ती देवाला विनवते आणि देऊळ सोन्याचं होतं, रत्नांचे खांब उभे राहतात. राजा खूश! सुनेवर माया दाटून येते, जागच्या जागी दागिने घालतो. मग पागोटं खुंटीवर ठेवून तळं पाहायला जातो. परत येऊन बघतो तर सोनंनाणं गायब. लहानसं देऊळ, एक पिंडी, तिनं केलेली पूजा, आणि खुंटीवर पागोटं.

"पण आजी," कन्या म्हणाली, "तिला नाव का नाही? आणि ती बदलते कुठं? ती होती तशीच आहे. बदलला राजा. तोही सोनं पाहून!"

आई गप्प झाली. माझी आई गप्प होणं हीसुद्धा एक कहाणीच आहे. मी गप्प झालो त्याचं कारण मात्र वेगळं होतं.

आठ-दहा वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक आजी यायची. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला. सकाळी पहिल्या एस.टी.नं येई आणि काउंटरसमोर भिंतीला टेकून जमिनीवर बसे. अंगठा लावायची मशीन तिचा अंगठा ओळखत नसे. जन्मभर रोवणी-निंदण केलेल्या हाताच्या रेषा मशीनला सापडायच्या नाहीत. मग मी म्हणायचो, "आजी, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." सर्व्हर खरोखर डाऊन असायचा. नेहमी नाही. तिच्यामागं रांग असे आणि तिचं काम वेळखाऊ असे, एवढाच तिचा गुन्हा.

एके दिवशी तिच्या खात्यात मोठी रक्कम जमा झाली. १९८८ साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, पुढं वैनगंगेचं पाणी चढलं आणि पवनी-भंडाऱ्याकडची कितीतरी शेतं बुडाली. तिचंही शेत त्यात गेलं होतं आणि वाढीव मोबदल्याचं प्रकरण इतक्या वर्षांनी निकाली निघालं होतं. खातं पाहताच साहेब केबिनमधून बाहेर आले. मुदत ठेवीचे फॉर्म आले. शिपायानं चहा आणला. आणि मी, गुरांच्या गोठ्याचा व्यवस्थापक, खुर्ची उचलून आजीपुढं ठेवली. "बसा ना आजी!"

आजी खुर्चीकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "बाबू, खुर्ची तं मांगच्या मयन्यातबी इथंच होती."

वाचकहो, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीतही मी इतका कधी उघडा पडलो नव्हतो.

तेव्हा मला राजाला हसायचा अधिकार नाही. बँक तारणावर कर्ज देते, हे ठीक. तो धंदा आहे. पण माया तारणावर द्यायची? सोन्याचं देऊळ दिसलं की सून आवडती, ठेव दिसली की आजी आदरणीय. त्या मायेत सुनेचं काय आणि देवळाचं किती, याचा हिशेब राजानं केला नसेल. मीही केला नव्हता.

रात्री कन्येला म्हटलं, "नावडतीचं खातं नीट तपास. पहिल्या सोमवारी सगळं सामान दुसऱ्यांचं. दुसऱ्या सोमवारी आपलं आणते. दिवसभर उपास, आणि जावांनी दिलेलं उष्टं स्वतः न खाता गाईला घालते. म्हणजे ज्या दिवशी लोक तिला उष्ट्याच्या लायकीचं समजत होते, त्या दिवशी ती स्वतःला तसं समजत नव्हती. ही वाढ नाही?"

"आणि शेवटी?"

"शेवटी तर खरी मजा. अंगावर दागिने चढलेत. राजा विचारतो, हे असं कसं? सोनं माझंच, तुमची नजर चुकली, असं ती ठोकून देऊ शकली असती. पण ती म्हणते, गरिबाचा देव हाच. विनवलं म्हणून त्यानं तुम्हांला दर्शन दिलं. चुकून जमा झालेली रक्कम स्वतः काउंटरवर येऊन सांगणारं गिऱ्हाईक मी नोकरीत बोटावर मोजण्याइतकंच पाहिलंय. एल्सा भीती सोडते, हिनं आवडतं होण्याची हाव सोडली."

"पण मग राजा?" कन्या काही सोडेना. "लहान देऊळ पाहूनसुद्धा त्यानं तिला पालखीतून नेलं. म्हणजे तोही वाढला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लेकानं नेलं असेल इतकंच मला वाटतं. पागोटं आणायला गेलेला माणूस थोडं शहाणपण घेऊन आला, अशी आशा करायला हरकत नाही.

आजीची ठेव पुढं मोडली. पोरानं घर बांधलं, नातीचं लग्न झालं, खातं पुन्हा होतं तेवढं झालं. देऊळ लहान झालं म्हणायचं. आजी अजून येते आणि खुर्ची तिथंच असते. ती हलवायची नाही, असं मी शिपायाला बजावलंय. पण खोटं कशाला बोलू? काउंटरवर नवं माणूस आलं की माझी नजर अजून आधी पडद्यावरच्या शिलकेकडे जाते, मग चेहऱ्याकडे.

आईला हे सांगितलं. ती पुस्तक मिटत म्हणाली, "मंग? चार सोमवार लागतेत. तुह्या आत्ता कुठं पयला होऊन राह्यला."