संग्रह, संग आणि एक वीतभर विमान



आजच्या चिंतनाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे दोन श्लोक घेतले आहेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतील. एखाद्या विषयाचं सारखं चिंतन केलं की त्याचा संग जडतो. संगातून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून संमोह. मग स्मृती बिघडते, बुद्धी जाते आणि शेवटी माणूसच हातचा जातो. मलाही हे श्लोक पाठ होते. पण पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे मला गेल्या दिवाळीत आमच्या हट्ट्याच्या घरी समजलं.

आधी थोडी कबुली. मला विमानांची डायकास्ट मॉडेल्स जमवायचा नाद आहे. जस्ताचा मिश्रधातू वितळवून, दाबाने साच्यात ओतून ही विमानं करतात आणि त्यावर खऱ्या एअरलाइनचे रंग, नाव, नोंदणी क्रमांकसुद्धा छापतात. माझी सगळी १:४०० प्रमाणातली. म्हणजे ७० मीटरचं जंबो जेट साधारण साडेसतरा सेंटिमीटरचं, वीतभर. पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत अशी ४३ विमानं काचेच्या कपाटात उभी आहेत. ज्या गावात लहानपणी हळदीच्या शेतात उभं राहून, मान मोडेपर्यंत वर बघत विमान शोधायचो, त्या पोराची ही हौस आहे, असं मी स्वतःला सांगत आलो.

दिवाळीला निघायच्या दिवशीच नवीन पार्सल आलं. एअर इंडियाचं बोइंग ७४७-४००, खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेलं. किंमत साडेपाच हजार. घरी दाखवू म्हणून बॅगेत टाकलं आणि गावी पोचल्यावर उंच फळीवर ठेवलं. पाडव्याच्या दुपारी माझा सात वर्षांचा भाचा स्टुलावर चढला, विमान हातात घेतलं आणि विमानासकट खाली आला.

आवाज ऐकून मी धावलो. आणि मी आधी काय उचललं? विमान. उजव्या बाजूची चाकं तुटली होती. मी त्या लेकरावर असा ओरडलो की शेजारच्या काकू दारात आल्या. आजी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "त्याला लागलं का, ते तरी बघ की रे."

त्याचा गुडघा सोलवटला होता. रक्त येत होतं. मला दिसलंच नव्हतं.

त्या रात्री झोप नाही आली. मनात ते दोन श्लोक घेऊन मी एकेक पायरी उलटी उतरत गेलो. बुद्धी गेली होती, हे उघड आहे. स्मृती? हाच भाचा रोज फोनवर "मामा, कधी येणार?" विचारायचा, हे मी त्या क्षणी साफ विसरलो होतो. मी कोणाचा कोण, हेच विसरलो होतो. संमोहाच्या आधी क्रोध. क्रोधाच्या आधी इच्छा. आणि सगळ्यात खाली, पहिल्या पायरीवर, चिंतन. कुठलं मॉडेल येतंय, प्री-ऑर्डर कधी उघडणार, कोणता नग संपत आलाय, यात मी रात्रीचा एक वाजवत होतो. नामाला मात्र दहा मिनिटं, तीही घड्याळ बघत. मग रागाचा उगम फळीवर कशाला शोधायचा? तो माझ्या मोबाइलवर होता.

पहाटे वाटलं, सगळं विकून टाकावं. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या दहाव्या श्लोकात योग्याला अपरिग्रही राहायला सांगितलंय. पतंजलींनीही अपरिग्रह यमांमध्ये मोजलाय. मग ४३ विमानं कशाला? मी फोटो काढून जाहिरात लिहायलाही घेतली. लिहिता लिहिता जाणवलं, की मी अजून रागातच आहे, फक्त आता स्वतःवर. अठराव्या अध्यायात ७ ते ९ या श्लोकांमध्ये त्यागाचे तीन प्रकार आहेत. मोहाने टाकणं तामस, त्रास नको म्हणून टाकणं राजस. आपलं कर्म करत असतानाच आसक्ती आणि फळाची आस सोडणं, तो सात्त्विक त्याग. छंद म्हणजे काही नेमून दिलेलं कर्तव्य नव्हे, हे मला मान्य आहे. पण कसोटी लागू पडते. लाज वाटते म्हणून कपाट रिकामं केलं असतं, तर संग तसाच राहिला असता. उद्या तो बुटांवर नाहीतर कॅमेऱ्यावर बसला असता.

मग मला तिसऱ्या अध्यायातला विसावा श्लोक आठवला. तिथे 'संग्रह' हाच शब्द येतो, पण 'लोकसंग्रह' म्हणून. लोकांना धरून ठेवणं, सांभाळणं. जनकाचा दाखला तिथेच आहे. तो राजा होता, राजवाडा सोडून गेला नव्हता. म्हणजे संग्रह हा शब्द गीतेत दोषाचाच नाही. प्रश्न आहे, कशासाठी आणि कोणासाठी.

पुण्यात राहणाऱ्यांनी राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं असेल. डॉ. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं, दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू जमवल्या. अकाली गेलेल्या आपल्या लहान मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. आणि पुढे सगळा संग्रह सरकारच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या, हवाली केला. वस्तूंवर त्यांचं माझ्याहून कितीतरी जास्त प्रेम असणार. तरी शेवटी हात उघडला.

आणि धरून तरी काय ठेवणार? माझ्या कपाटात जेट एअरवेजची तीन विमानं आहेत. ती कंपनी एप्रिल २०१९ मध्ये उडायची थांबली. एअर इंडियाचं शेवटच्या काही जंबोंपैकी एक एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमचं निघून गेलं. मॉडेल तरी टिकेल म्हणावं, तर जस्तात शिशाची भेसळ असली की काही वर्षांनी धातूला आतूनच तडे जातात आणि त्याचा भुगा होतो. जुन्या संग्राहकांना ही कीड चांगली माहीत आहे. क्षेत्र नाशवंत आहे, हे तेराव्या अध्यायात वाचतो. कपाटातही तेच लिहिलेलं होतं.

भाऊबीजेला मी आणि भाचा डिंकाची ट्यूब घेऊन अंगणात बसलो. आधी मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मामा, एवढी चाकं कशाला असतात?" मी सांगितलं, पुढे दोन आणि मागे सोळा, एवढं वजन पेलायला. मग १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी टपाल घेऊन कराचीहून मुंबईला एक छोटंसं विमान कसं आणलं, ती गोष्ट सांगितली. बघता बघता गल्लीतली सहा पोरं जमली. ४३ विमानांनी तीन वर्षांत मला दिला नाही एवढा आनंद त्या अर्ध्या तासात मिळाला.

ते जंबो आता हट्ट्यालाच आहे, हाताला येईल अशा फळीवर. चाकं किंचित वाकडी बसलीत. उरलेली विमानं पुण्यात आहेत. नाद सुटला, असं खोटं सांगणार नाही. परवाच एका नव्या मॉडेलवर बोट थांबलं होतं. फक्त आता सुट्टीला गावी जाताना चार विमानं बरोबर नेतो आणि पोरांच्या हातात देतो. हातात देताना छातीत अजून थोडं धस्स होतं. तेवढा संग बाकी आहे, असं समजतो.

आजचा अभ्यास : आपल्याकडची सगळ्यात आवडती वस्तू डोळ्यांसमोर आणा. ती आत्ता कोणाच्या तरी हातून पडली, तर आपण आधी काय उचलू? उत्तर कोणाला सांगायची गरज नाही. देवापुढे बसून स्वतःलाच सांगा.

राम कृष्ण हरी! 🌿